आपला नंबर कितवा?

आज सकाळी शाळेला जाताना आपल्या सोलापुरातल्या अशोक चौकात गाडी थांबवली. रात्रीतून एक डिजिटल लागलंय, या खांबापासून त्या खांबापर्यंत. हात जोडलेले आमदारसाहेब, खाली पंधरा-वीस कार्यकर्त्यांचे चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘ऐतिहासिक विधेयक विधानसभेत मांडल्याबद्दल जाहीर अभिनंदन’. फटाक्यांचा लाल कागद अजून रस्त्यावर पडलेला होता. नाव घेत नाही. विषय चांगला आहे, माणूसही वाईट नाही. पण ‘मांडल्याबद्दल’ हा शब्द वाचला आणि डोकं फिरलं. आता जेवण उरकून लिहायला बसलोय. लांबेल, वेळ असेल तर वाचा.

मांडलं म्हणजे काय झालं? सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, एवढंच झालं. डॉक्टरने अजून नाव पुकारलेलं नाही. विधेयक मांडलं की पुढे ते विचारात घ्यायचं असतं, मग एकेक खंडावर चर्चा, दुरुस्त्या, मग मतदान. नंतर तीच वाट विधान परिषदेत, मग राज्यपालांची सही. त्यातून मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं विधेयक म्हणजे अशासकीय. त्याच्या वाट्याला शुक्रवार येतो, तोही पूर्ण नाही, दिवसातले काही तास. तेवढ्यात गोंधळ झाला, सभागृह तहकूब झालं की गेला शुक्रवार. अख्ख्या देशाच्या संसदेत स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा होऊ शकली आणि त्यातलं शेवटचं १९७० सालचं. माझ्या जन्माच्याही आधीचं. आणि आमच्या चौकात फटाके वाजतात.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एवढं मनाला का लावून घेता. कारण मला अक्का आठवते.

अक्का आमच्या गल्लीतली. पूर्व भागात प्रत्येक गल्लीत एक तरी अशी अक्का असते. उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बसलेली, बोलता बोलता विड्या वळणारी, हात बघायला लागला तर दिसतसुद्धा नाही इतका भराभर चालणारा. तिचा नातू नऊ वर्षांचा होता. कुंभारीकडे नातेवाइकांकडे गेला होता, तिथं साप चावला. घरातल्या मोठ्यांनी आधी मांत्रिकाकडे नेलं. रात्रभर मंत्र, लिंबू, राख, गंडा. पहाटे सिव्हिलला आणला तेव्हा उपयोग नव्हता. अक्काला तेलुगू येतं, मराठी बोलता येतं, वाचता काहीच येत नाही. पण जादूटोणाविरोधी विधेयकात ‘साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला औषधोपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे’ असं एक कलम आहे, हे मी तिला एकदा वाचून दाखवलं होतं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “हे आमचंच लिवलंय की.”

२०१२ च्या डिसेंबरात नागपूरला अधिवेशन होतं. विधेयक या अधिवेशनात येईल असं आमच्या कानावर आलं, म्हणून आम्ही सात-आठ जण निघालो आणि अक्का हटून बसली, मीपण येणार. एसटीने लातूर, नांदेड करत, हाडं खिळखिळी होईपर्यंत. तिच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि नातवाचा शाळेतला फोटो. एका ओळखीतून प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले, ते मिळवायलाच एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आत बसलो. खाली आवाज, घोषणा, कागद भिरकावणं, तहकुबी. पुन्हा सुरू, पुन्हा तहकुबी. अक्का माझ्या कानाशी येऊन विचारायची, “ओ मास्तर, आपला नंबर कितवा हाय?” तिला वाटत होतं रेशनच्या दुकानात असते तशी रांग असेल. उशीर होईल, पण नंबर येईल.

तीन दिवस. हजार विड्यांच्या हिशेबाने तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली, जाण्यायेण्याचे दिवस वेगळेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर पडताना तिथल्या एका कर्मचाऱ्याला मी विचारलं, अहो, आमचं विधेयक यादीत आहे ना? तो माणूस चांगला होता, त्याने आम्हाला चहा पाजला. म्हणाला, “गुरुजी, यादीत असणं वेगळं आणि पुकारणं वेगळं.”

बारा-तेरा वर्षं झाली, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

तर पुकारतं कोण? प्रत्येक सभागृहाची एक कामकाज सल्लागार समिती असते. विधानसभेत अध्यक्ष तिचे प्रमुख, परिषदेत सभापती. पक्षांचे प्रमुख लोक त्यात बसतात. अधिवेशन किती दिवस चालवायचं, कोणत्या विधेयकाला किती वेळ द्यायचा, ते या बैठकीत ठरतं. सरकारी विधेयकांत आधी कोणतं, मागून कोणतं, ही क्रमवारी सरकारच्या मर्जीने लागते. समितीचा अहवाल सभागृहात येतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत मान्य होतो. बैठक बंद दाराआड. तिथं कोण काय बोललं, कोणतं विधेयक कुणाच्या सांगण्यावरून मागे ढकललं, हे तुम्हाला-मला कळायला मार्ग नाही. वर्तमानपत्रात एक ओळ येते, ‘अधिवेशन अमुक तारखेपर्यंत चालणार’. बस.

आणि आपण सगळे काय बघत बसतो? कोण कुणाला काय बोललं, कोण पायऱ्यांवर बसलं, कुणी कोणती टोपी घातली. अरे, ज्या बैठकीत अक्काच्या नातवाचं विधेयक पुढच्या अधिवेशनावर गेलं, त्या बैठकीच्या दाराशी एकही कॅमेरा नव्हता! विधेयक पाडायला विरोधात मत द्यावं लागतं. विरोधात मत दिलं की नाव लागतं, गावात जाब द्यावा लागतो. पुकारलंच नाही तर कुणाचंच नाव लागत नाही. साप चावल्यावर मांत्रिकाकडे न्या, असं म्हणणारा एकही आमदार तुम्हाला सापडणार नाही. मग अडलं कुठं?

बरं, हे एका अधिवेशनाचं रडगाणं असतं तर मी गप्प बसलो असतो. हेच विधेयक डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने मंजूर केलं होतं. तिथून परिषदेकडे गेलं आणि तिथं अडकलं. २००९ ला विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक मेलं. हो, मेलंच. घटनेचं १९६ वं कलम सांगतं की विधानसभेने मंजूर केलेलं पण परिषदेत पडून राहिलेलं विधेयक विधानसभा विसर्जित झाली की व्यपगत होतं. व्यपगत! किती सभ्य शब्द आहे. आणि त्याच्याच पुढचं १९७ वं कलम म्हणतं की परिषदेने तीन महिन्यांत विधेयक मंजूर केलं नाही तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवू शकते, मग परिषदेच्या हातात जेमतेम महिना उरतो. म्हणजे वाट घटनेने करून ठेवली होती. चार वर्षांत त्या वाटेवर पाऊल टाकायची तारीख कुणाला मिळाली नाही. पुन्हा शून्यापासून केसपेपर. २०११ ला पुन्हा मांडलं, आणि २०१२ ला आम्ही गॅलरीत बसलो.

अक्काला हे मी कधी सांगितलं नाही. आधीची रांग पुसून टाकली आणि तू नव्या रांगेत शेवटी उभी आहेस, हे त्या बाईला कसं सांगायचं?

आता काही मित्र खाली लिहितील की घाईने कायदे करणंही वाईट. मान्य. गोंधळात, चर्चेविना, हात वर करून पाच-सहा विधेयकं उरकली जातात तेव्हा मलाच सगळ्यात जास्त संताप येतो. चिकित्सा समितीकडे विधेयक गेलं तर त्यात सुधारणा होतात, हेही मान्य. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं, संयुक्त समितीकडे गेलं, बारा हजारांवर सूचना आल्या, काही शब्द बदलले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. त्या कायद्याबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे, आज तो विषय नाही. पण बघा, सरकारच्या मनात असलं की समिती बसते, बारा हजार पत्रं वाचून होतात, तारीख ठरते, पुकारा होतो. सात महिन्यांत. म्हणजे यंत्र बंद पडलेलं नाही. ते कुणासाठी चालवायचं, एवढंच कुणीतरी ठरवतं.

आणि वेळ नाही म्हणून सांगू नका. वेळ नसतो म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०१३ आठवावा. २० तारखेला सकाळी पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने जादूटोणाविरोधी वटहुकमाचा निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी! वर्षानुवर्षं ज्याला वेळ सापडत नव्हता, त्याला एका रात्रीत सापडला. वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये नागपूरच्याच अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. ज्या माणसाने त्यासाठी आयुष्य झिजवलं तो ते बघायला नव्हता.

हे लिहिताना हात थांबला. पाणी पिऊन आलो.

त्या डिसेंबरात बातमी आली तेव्हा मी अक्काच्या दारात गेलो. ती विड्या वळत होती. म्हटलं, अक्का, झाला कायदा. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि आत गेली. मला वाटलं साखर आणायला गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावलो तर ती फोटोसमोर उभी होती, काहीतरी सांगत होती, तेलुगूत. मी परत फिरलो.

मला फार काही नको आहे. अधिवेशन सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कोणती विधेयकं येणार ते मसुद्यासकट मराठीत लोकांसमोर ठेवा. कामकाज सल्लागार समितीने काय ठरवलं, त्याचं इतिवृत्त उघडं करा, कुणी काय मागितलं ते नावानिशी. आणि यादीत लागलेलं विधेयक पुकारलं गेलं नाही तर का नाही, याची एक ओळ नोंदीत येऊ द्या. एकच ओळ! केरळात १९८० पासून विषय समित्या आहेत, त्या विधेयकं तपासतात, लोकांचं म्हणणं ऐकतात. आपण शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव घेऊन भाषणं सुरू करणारे, आपल्याला तेवढं जमू नये? आपल्या सोलापूरच्या आमदारांना मी हे पत्राने कळवणार आहे, सगळ्यांना, पक्ष न बघता. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकतो. ज्यांना सही करायची त्यांनी शाळा सुटल्यावर भेटा.

त्या डिजिटलवरच्या आमदारांवर मघाशी चिडलो होतो, आता तेवढा राग राहिला नाही. त्यांनाही तो शुक्रवार मिळणार नाही हे त्यांना माहीत असेल. पण साहेब, फटाक्यांच्या आधी कार्यकर्त्यांना एवढं सांगा की अजून पुकारा व्हायचाय. नाहीतर ही पोरं समजतात काम झालं आणि घरी जातात. तुम्हाला तर गॅलरीत बसणारी माणसं हवी आहेत.

संध्याकाळी शाळेतून परत येताना अक्का उंबऱ्यावर होती. आता विड्या वळत नाही, डोळ्यांना दिसत नाही नीट. सकाळी फटाक्यांचा आवाज तिच्यापर्यंत गेला होता.

“कशाचे होते ओ मास्तर?”

मी सांगितलं, कामगारांसाठी एक विधेयक मांडलंय.

“झालं का ते?”

“नाही अक्का. अजून नाही.”

ती थोडा वेळ चौकाच्या दिशेने बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

“मग नंबर कितवा हाय?”