तिकीट द्यायच्या वेळी कुठे जातो हा आदर?

दर निवडणुकीला तेच! स्टेजवर जिजाऊ, सावित्रीबाईंच्या फोटोंना हार, आणि तिकीटवाटपाला बसले की म्हणे बाई निवडून येणार नाही. अरे पण देऊन तर बघा! महिला आरक्षणाचं बिल पहिल्यांदा आलं १९९६ ला, २०१० ला राज्यसभेत पास झालं आणि लोकसभेत लटकलं, शेवटी २०२३ ला झालं तर त्यात अट, की आधी जनगणना मग मतदारसंघांची फेररचना आणि मगच आरक्षण. तोवर २०२४ ला ५४३ पैकी फक्त ७४ बायका, २०१९ ला ७८ होत्या! महाराष्ट्रातून ४८ मध्ये सात.

आणि ज्या पोचतात त्यांच्या भाषणापेक्षा साडी, टिकली, लग्न ह्यावरच चर्चा. २०२२ ला तर आपल्याच राज्यात एका निवडून आलेल्या खासदार बाईंना जाहीरपणे सांगितलं गेलं, घरी जा, स्वयंपाक करा! नंतर दिलगिरी आली, पण तोंडातून निघतंच कसं हे? पुरुष नेता चुकला तर तो एकटा चुकतो, बाई चुकली की लगेच सगळ्या बायकांना राजकारण जमत नाही.

पक्षांना कुठल्या कायद्यासाठी थांबायची गरजच नाहीये, तिकिटं आजही त्यांच्याच हातात आहेत, द्या ना मग!