टीबीच्या सरकारी गोळ्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजबद्दल थोडं

सोलापूरच्या आपल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय, की पूर्व भागात टीबीची माणसं सरकारी गोळ्यांनीच दगावतायत, लघवी लाल होते म्हणजे किडनी गेली, आणि पेशंटचं ताट-वाटी वेगळं ठेवा. तिन्ही चूक आहे बघा.

लघवी लाल-केशरी होते ती या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाच्या रंगाने, त्यात रक्त नसतं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात तर मात्र लगेच डॉक्टर गाठा, एरवी गोळ्या मनानेच बंद करू नका. माणसं जातात ती बहुतेक उशिरा निदान झाल्याने नाहीतर दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सहा महिन्यांचा कोर्स अर्धवट सोडल्याने, मग जंतू औषधाला दाद देत नाहीत.

टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही. (कडक भाकरी खुशाल एकत्र मोडा.) खरी काळजी बंद खोलीची, खिडकी न उघडता दिवसभर विड्या वळणं, कारखान्यात दाटीने बसणं. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, फुकट होते. औषधंही फुकट, शिवाय नोव्हेंबर 2024 पासून पोषणाचे महिना 1000 रुपये खात्यावर, आधी 500 होते.