‘लेटेक्स घ्यायचे तर सर्वांत कडकच घ्या’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

लेटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या फेसापासून केलेल्या, गादीविषयी एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे, आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो की ऐकणाऱ्याने शंका काढू नये. थोडक्यात तो असा आहे : पाठ चांगली ठेवायची असेल तर लेटेक्समधला सर्वांत कडक प्रकार निवडावा, गादी जितकी कडक तितका तिचा आधार अधिक, आयएलडी (कडकपणा मोजणारा आकडा) आणि घनता हे दोन आकडे मोठे असले की बाकी काही पाहावे लागत नाही, लेटेक्स वर्षभरात मऊ पडतेच, त्यामुळे सुरुवातीला गादी टोचली तरी हरकत नाही, आणि एकाला मानवलेली गादी घरातल्या सर्वांना मानवते. यातली बहुतेक विधाने निखालस खोटी नाहीत, आणि अडचण नेमकी हीच आहे. सत्याचा एखादा अंश हाताशी असल्यामुळे त्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्षही पटतो. म्हणून ही विधाने एकेक करून तपासलेली बरी.

पहिले विधान पाठीचे. पाठ धरली असेल तर कडक अंथरुणावर निजावे, असे एकेकाळी डॉक्टरही सांगत, आणि मधोमध झोळी पडलेल्या जुन्या गादीच्या तुलनेत त्या सल्ल्यात तथ्यही होते. मात्र त्याची पद्धतशीर परीक्षा झाली तेव्हा निकाल वेगळा आला. स्पेनमधील फ्रान्सिस्को कोवाक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ प्रौढांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले होते. एका गटाला कडक आणि दुसऱ्याला मध्यम-कडक गाद्या दिल्या गेल्या. ९० दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातले दुखणे, उठतानाचे दुखणे आणि रोजच्या हालचालींतली अडचण या तिन्ही बाबतींत त्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक उतार पडलेला दिसला. ज्या युरोपीय मोजपट्टीवर १ म्हणजे सर्वांत कडक आणि १० म्हणजे सर्वांत मऊ, तिच्यावर या मध्यम-कडक गाद्यांचा आकडा ५.६ होता आणि कडक गाद्यांचा २.३.

या अभ्यासाचा दाखलाही जपूनच द्यायला हवा. त्यात मऊ गादी तपासलेलीच नव्हती, आणि ज्यांच्या दुखण्याला ठरावीक कारण सापडत नाही अशाच रुग्णांपुरता तो मर्यादित होता. त्यामुळे ‘मऊ गादी उत्तम’ असे त्यातून सिद्ध होत नाही. परंतु ‘सर्वांत कडक तीच सर्वांत चांगली’ हे विधानही त्यापुढे टिकत नाही. कडकपणाचा आग्रह जिथे खरोखर रास्त आहे ती जागा निराळी आहे : तान्ह्या बाळाला सपाट आणि कडक पृष्ठभागावरच निजवावे, कारण तिथे प्रश्न पाठीचा नसून श्वास कोंडण्याचा असतो. गादीच्या वेष्टनावर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापलेले असले तरी त्या शब्दावरून गादीचा कडकपणा किती, हे ठरत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

दुसरे विधान अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण बाकीचा घोटाळा बहुतांशी त्यातूनच निघतो. कडकपणा म्हणजे अंग टेकताक्षणी गादी किती विरोध करते ते, आणि आधार म्हणजे अंग जरूर तितके रुतल्यानंतर गादी त्याला तिथेच धरून ठेवते की नाही ते. कुशीवर झोपलेला माणूस डोळ्यांसमोर आणावा. त्याचा खांदा आणि खुबा हे बाहेर आलेले भाग असतात, तर कंबर आत गेलेली असते. पाठीचा कणा सरळ राहायचा असेल तर खांदा आणि खुबा काही सेंटिमीटर आत गेले पाहिजेत आणि त्याच वेळी मधल्या भागात गादी कंबरेला जाऊन भिडली पाहिजे. गादी प्रमाणाबाहेर कडक असली तर खांदा आत जात नाही. धडाच्या भाराखाली तो पुढे मुडपला जातो, कंबर अधांतरी राहते आणि कण्याला बाक येतो. मग पहाटे हाताला मुंग्या येतात, खुब्याचे हाड दुखू लागते आणि माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. सारांश, ज्या गादीला ‘भक्कम आधाराची’ म्हणून घेतले तिच्यावर कंबरेला आधार मिळतच नाही, कारण कंबर तिला टेकलेलीच नसते.

लेटेक्सच्या बाबतीत ही गल्लत अधिकच खटकते, कारण कडकपणा आणि आधार वेगवेगळे ठेवणे हा तर या पदार्थाचा मोठा गुण आहे. लेटेक्स सुरुवातीला सहज दबते आणि जसजसे खोल दाबावे तसतसा त्याचा विरोध वेगाने वाढत जातो. हा गुण मोजताही येतो : जाडीच्या ६५ टक्के दाबायला लागणाऱ्या जोराला २५ टक्के दाबायला लागणाऱ्या जोराने भागले की जे गुणोत्तर येते ते साध्या पॉलियुरेथेन फोममध्ये साधारण २ च्या आसपास असते, तर लेटेक्समध्ये ते बहुधा ३ च्या घरात किंवा त्याहून वर जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की वरून मऊ वाटणारे लेटेक्सही खुब्याच्या वजनाखाली तळाला जात नाही. ‘मऊ म्हणजे बसकी’ हा अनुभव आपल्याला स्वस्त फोमने दिलेला आहे, आणि तो जसाच्या तसा लेटेक्सवर लादणे अन्यायाचे आहे.

पालथे झोपणाऱ्यांना मात्र कडक गादीचा सल्ला बराचसा लागू पडतो. पोट आणि ओटीपोट खोल गेले की कंबरेचा बाक वाढतो, म्हणून त्यांच्यासाठी कडकपणाकडे झुकलेली गादी योग्य. उताणे झोपणाऱ्यांना मध्यम ते मध्यम-कडक गादी पुरते. कंबरेखाली सपाट हात सरकवून पाहिला आणि तो आरपार मोकळा गेला तर गादी कडक आहे, आणि तो सरकवणेच कठीण झाले तर नितंब जास्त रुतले आहेत, इतकी ढोबळ खूण त्यांना चालते.

आता आकड्यांकडे वळू. आयएलडी या आकड्याचा दबदबा मोठा आहे, पण तो निघतो कसा हे फार थोडे जण विचारतात. सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा घेतात, त्यावर साधारण २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी ठेवतात आणि तुकड्याची जाडी एक चतुर्थांशाने, म्हणजे अडीच सेंटिमीटरने, दबेपर्यंत जोर लावतात. तो जोर जितके पाउंड भरला तितका आयएलडी. लेटेक्समध्ये साधारणपणे १४ ते २० हे मऊ, २० ते २८ हे मध्यम, ३० च्या पुढे कडक आणि ४० च्या आसपास अतिकडक समजले जाते. ही मोजणी चांगलीच उपयोगी आहे. प्रश्न एवढाच की तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची.

एक तर ती एका थराची मोजणी आहे, आख्ख्या गादीची नाही. वर ५ सेंटिमीटरचा २० आयएलडीचा थर आणि खाली १५ सेंटिमीटरचा ३६ आयएलडीचा गाभा असेल, तर अंगाला काय जाणवेल ते झोपणाऱ्याच्या वजनावर ठरते : हलक्या माणसाला वरचा मऊ थरच जाणवतो, तर वजनदार माणसाचा खुबा तो थर पार करून गाभ्यावर टेकतो. दुसरे असे की सगळे उत्पादक एकाच रीतीने मोजत नाहीत. काही ठिकाणी तुकडा २५ ऐवजी ४० टक्के दाबतात आणि जोर न्यूटनमध्ये लिहितात. ३० पाउंड म्हणजे सुमारे १३३ न्यूटन. आणि ४० टक्के दाबायला जोर अधिक लागत असल्याने तोच तुकडा त्या पद्धतीत आणखी मोठा आकडा दाखवतो. मोजणीची रीत न विचारता दोन गाद्यांचे आकडे शेजारी ठेवले तर तुलना फसते. शिवाय लेटेक्सच्या एकाच थरात जागोजागी कडकपणा थोडाफार बदलतो, म्हणूनच जबाबदार उत्पादक एकच आकडा न देता ‘२८ ते ३२’ असा पल्ला देतात.

हा फरक कुठून येतो ते बनवण्याच्या रीतीत दिसते. ब्रिटनमधल्या डनलॉप कंपनीत १९२९ च्या सुमारास विकसित झालेल्या पद्धतीत रबराचा चीक फेसून साच्यात ओततात आणि तापवून पक्का करतात. जड कण काहीसे तळाशी बसत असल्याने त्या थराची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित कडक निघू शकते. नंतर आलेल्या टॅलाले पद्धतीत साचा अर्धवट भरून निर्वात पोकळीने फेस फुगवतात, मग तो गोठवून आणि कार्बन डायऑक्साइड सोडून त्याची घडण पक्की करतात, त्यामुळे तो एकसारखा राहतो. दोन्ही पद्धतींचे लेटेक्स कागदावर एकाच आयएलडीचे असले तरी अंगाखाली वेगळे वाटते : डनलॉप अधिक घट्ट, टॅलाले अधिक उसळते. थरात आरपार दिसणारी भोके शोभेची नसतात. ती जिथे मोठी किंवा दाट असतात तिथे लेटेक्स मऊ लागते, आणि खांद्याजवळ मऊ व कंबरेशी कडक अशी पट्ट्यांची विभागणी याच युक्तीने करतात.

घनतेचा आकडा याहून फसवा आहे. एकाच मिश्रणापासून एकाच पद्धतीने केलेल्या लेटेक्समध्ये घनता वाढली की कडकपणाही वाढतो, हे खरे. पण टॅलाले लेटेक्स कमी घनतेतही तितकेच कडक असू शकते, आणि मिश्रणात खडूसारखी खनिज भुकटी घातली की रबर न वाढताही वजन आणि कडकपणा दोन्ही वाढतात. म्हणून घन मीटरला अमुक किलो, हा आकडा मालाच्या प्रतीचा पुरावा मानता येत नाही. मिश्रणात काय काय आहे हे कळल्याशिवाय तो केवळ वजनाचा आकडा राहतो.

चौथे विधान : ‘लेटेक्स मऊ पडतेच, म्हणून आधीच कडक घ्या.’ कोणताही फोम वापराने थोडा सैलावतो आणि लेटेक्सही त्याला अपवाद नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत अंगाखालच्या जागी किंचित नरमपणा येतो. मात्र चांगल्या लेटेक्समध्ये हा बदल इतका मोठा नसतो की ४० आयएलडीचा थर २८ चा होऊन बसावा. गाद्यांच्या टिकाऊपणासाठी असलेल्या ईएन १९५७ या युरोपीय चाचणीत सुमारे १४० किलोचा भार देणारे रूळ गादीवरून ३०,००० वेळा फिरवतात आणि मग उंची व कडकपणा किती घटला ते मोजतात. ज्याला टिकण्याची चिंता आहे त्याने विक्रेत्याकडे अशा चाचणीचा निकाल मागावा, कडकपणा वाढवून विमा उतरवू नये. जे लेटेक्स खरोखर झिजते ते बहुधा ऊन आणि हवा लागल्याने : उघड्यावर राहिलेल्या रबराचे ऑक्सिडीकरण होऊन त्याची भुकटी होऊ लागते. हा धोका मऊ आणि कडक दोन्ही थरांना सारखाच आहे आणि त्यावरचा उपाय खोळ न काढणे हा आहे.

दुसरीकडे, टोचणारी गादी आज ना उद्या मऊ पडेल या आशेवर वर्ष काढणाऱ्याच्या गादीला दोष कित्येकदा लेटेक्सचा नसतोच. घट्ट शिवलेली, न ताणणारी किंवा जाड कापूस भरलेली खोळ लेटेक्सला दबूच देत नाही. अंग तिच्यावर ताणलेल्या कापडावर ठेवल्यासारखे राहते. ताणली जाणारी विणलेली खोळ घातली की तीच गादी एक पायरी मऊ झाल्यासारखी वाटते. पलंगाच्या फळ्यांमध्ये आठ सेंटिमीटरहून जास्त अंतर असेल तर याच्या उलट घडते : लेटेक्स फटींतून खाली झुकते आणि कडक गादीसुद्धा मऊ भासते. गादी बदलण्याआधी या दोन गोष्टी पाहून घ्याव्यात, कारण त्या दुरुस्त करायला फार खर्च येत नाही.

शेवटचे विधान, एकाला मानवली ती सर्वांना मानवते, हे मात्र सरळ चूक आहे. गादीचा कडकपणा हा तिच्यावर पडणाऱ्या वजनाच्या संदर्भातच समजतो. ५० किलोच्या माणसाला जी गादी पाटासारखी लागते तीच ९५ किलोच्या माणसाला मध्यम वाटते, आणि दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. त्यामुळे दुसऱ्याचे मत ऐकताना त्याचे वजन आणि झोपण्याची ढब विचारल्याशिवाय त्या मताला किंमत देऊ नये. दुकानात तळहाताने दाबून पाहण्यालाही याच कारणाने फारसा अर्थ नाही : तळहाताखाली वरचे दोन-तीन सेंटिमीटरच दबतात. आपल्या नेहमीच्या कुशीवर, नेहमीच्या उंचीची उशी घेऊन, निदान पंधरा मिनिटे पडून राहावे आणि सोबतच्या माणसाला मागून कण्याची रेघ पाहायला सांगावे. मानेपासून माकडहाडापर्यंत ती आडवी सरळ दिसली तर कडकपणा जमला.

दोघांच्या वजनात मोठा फरक असेल तर ‘मध्यम घेऊन टाका’ ही तडजोड कुणालाच धड पुरत नाही. सुट्या थरांच्या गादीत प्रत्येक बाजूचे थर वेगळे निवडता येतात. मधली फट जाणवते अशी तक्रार त्यावर केली जाते. वरचा थर दोघांसाठी अखंड आणि फक्त खालचे थर वेगळे ठेवले की ती बरीच कमी होते. अशा वेळी वरच्या थराचा कडकपणा दोघांपैकी हलक्या व्यक्तीच्या मापाने ठरवावा, कारण वजनदार व्यक्तीला वरच्या थरात जे कमी पडते ते खालचा कडक थर भरून काढतो, पण वरचा थरच कडक निघाला तर हलक्या व्यक्तीचे वजन तो दाबायला पुरत नाही आणि खालचे थर कितीही मऊ निवडले तरी त्यांचा तिला उपयोग होत नाही.