लाल कोटातली मराठी फौज

2024च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली आणि महाराष्ट्रात वाद रंगला तो एकाच प्रश्नावर, ती खरी की खोटी? ती महाराजांनीच वापरली याचा पक्का पुरावा नाही, असं खुद्द संग्रहालयाचं म्हणणं होतं. ब्रिटनमध्ये बसून हा वाद वाचताना एक गोष्ट खुपत राहते. एका शस्त्राबद्दल इतकं बोलणारे आपण, मराठी फौजेतल्या हजारो साध्या शिपायांबद्दल काहीच विचारत नाही. ते कुठले होते, अंगात काय घालत, शेजारी कोणाला घेऊन उभे राहत?

हे प्रश्न इथे एका छंदात रोज विचारले जातात. 28 मिलिमीटर उंचीचे धातूचे किंवा प्लास्टिकचे शिपाई रंगवायचे, त्यांच्या पलटणी उभ्या करायच्या आणि सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर फासे व मोजपट्टी घेऊन लढाई खेळायची. नॉटिंगहॅम आणि आसपास असे शिपाई ओतणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे. आपल्या इतिहासातली इथे आवडीने खेळली जाणारी लढाई म्हणजे असई, 23 सप्टेंबर 1803, शिंदे-भोसल्यांची फौज विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीची. ब्रिटिश सैन्यातल्या 74व्या आणि 78व्या हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणींना त्या दिवसासाठी हत्तीचं मानचिन्ह आणि खास तिसरं निशाण मिळालं, म्हणून इथे ते नाव विसरलं गेलं नाही. आपल्याकडे असई हे जालना जिल्ह्यातलं एक गाव, एवढीच बहुतेकांची ओळख. इथल्या टेबलावर मराठे म्हणजे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या समोरचे, हरणारे. ती समोरची बाजू आपल्यापैकी कोणीतरी हाताने रंगवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात हिशेबाने करावी. शिंद्यांच्या चाकरीतला जर्मन सेनानी पोलमन, त्याच्या हाताखालचं कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेलं) पायदळ दहा-अकरा हजार होतं. तीस माणसांमागे एक शिपाई धरला तर साडेतीनशेच्या वर शिपाई लागतात. पंधरा पलटणी, प्रत्येकीत चोवीस, दोन रांगांत. एका पलटणीची रुंदी 24 सेंटिमीटर, म्हणजे सगळी फळी साडेतीन मीटरच्या पुढे जाते आणि टेबल तर 183 सेंटिमीटरचं. इथेच बहुतेकांचा बेत फसतो. साठास एक धरावं. चाळीस मिलिमीटरच्या चौकोनी तळावर चार शिपाई, असे तीन तळ म्हणजे एक पलटण. पंधरा पलटणी 180 सेंटिमीटरमध्ये बसतात. तोफा पायदळाच्या पुढे मांडाव्यात, कारण त्या तशाच होत्या. इंग्रजांच्या हाती 98 तोफा लागल्या. दहामागे एक धरून दहा तोफा आणि प्रत्येकीला चार गोलंदाज.

धातूचे शिपाई आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत. साच्याचं तेल राहिलं तर अस्तराचा, म्हणजे सगळ्यात खालच्या थराचा, रंग पुढे कपच्यांनी निघतो. सांध्याची रेघ बारीक कानशीने घासावी. इथल्या हिवाळ्यात अस्तराचा फवारा बाहेर मारला तर तो दमट हवेत दाणेदार बसतो आणि चेहऱ्याचे बारकावे जातात. डबा कोमट पाण्यात ठेवून, कोरड्या दिवशी, वीतभर अंतरावरून हलके हात मारावेत. स्वारांचे ओतीव भाले पहिल्याच खेळात वाकतात. ते कापून मूठ भोकाने पोखरावी आणि 0.8 मिलिमीटरची पोलादी तार बसवावी. टोक हातोडीने चपटं करून घासलं की फाळ होतो.

भगवा रंग काळ्या अस्तरावर चढत नाही. खाली तांबूस तपकिरी द्यावा, वर पातळ नारिंगीचे दोन हात, आणि उजेडासाठी पिवळा मिसळावा. पांढरा मिसळला की झेंडा पीचच्या रंगाचा दिसतो. पांढरे अंगरखे थेट पांढऱ्याने रंगवू नयेत. मातकट राखाडीवर दुधी रंग, शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या कडांवर. कातडीसाठी निदान तीन छटा कराव्यात, नाहीतर सगळी पलटण एकाच घरची वाटते.

पण खरा पेच कोटाचा आहे. महादजी शिंद्यांसाठी द बॉइन्य या युरोपीय सेनानीने 1784पासून उभारलेल्या कवायती पलटणी, म्हणजे शिंद्यांचे ‘कंपू’, इंग्रजांसारखेच लाल कोट घालत. त्यांच्या निशाणावर त्याच्या साव्हॉय प्रांताचा पांढरा क्रूस असे, असंही नोंदलेलं आहे. त्यांत अवधकडचे पुरबिये, म्हणजे पूर्वेकडचे हिंदुस्थानी शिपाई, मोठ्या संख्येने होते. असईला सरधन्याची जहागीरदारीण बेगम समरू हिच्या पलटणीही होत्या. हे सगळे शिंद्यांचे शिपाई. मराठी सैन्य म्हणजे फक्त आपल्या जातीचं, आपल्या धर्माचं, असा जो हट्ट घरच्या चर्चेत दोन्ही अंगांनी चालतो, तो या टेबलावर टिकत नाही. एकेका शिपायाचा कोट लाल रंगवताना तो आपला आहे हे मान्य करावं लागतं. 2025मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले याचा मलाही अभिमान आहे. तरी त्या अभिमानात कंपूच्या शिपायाला जागा मिळावी, असं मनापासून वाटतं.

पराभव खेळायचा कशाला, असा आक्षेप घरून येतो. मला तो पटत नाही. वेलस्लीने केळणा नदी अनपेक्षित उतारावरून ओलांडली, तेव्हा पोलमनने एवढी फळी काटकोनात फिरवून त्याच्या समोर आणली आणि डावी बाजू असई गावापाशी जुई नदीलगत वळवली. हजारोंची फळी अशी फिरवणं किती अवघड, ते पंधरा पलटणी टेबलावर हलवताना बोटांना कळतं. बाजारातल्या या खेळाच्या बऱ्याच नियमावल्या मराठी पायदळाला ढिलं ठरवतात आणि असं वळण घेऊच देत नाहीत. तो नियम बदलावा. कंपूच्या पलटणींना कंपनीच्या शिपायांइतकीच कवायत द्यावी. गोलंदाजांना धैर्याचा सर्वांत वरचा आकडा द्यावा, कारण ते तोफांपाशीच कापले गेले आणि मेल्याचं सोंग घेतलेल्यांनी उठून पुन्हा तोफा डागल्या, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. घोडदळाला मात्र पुढे येण्यासाठी दर फेरीला सहा पडायला हवेत. शिंदे-भोसल्यांचे हजारो स्वार त्या दिवशी बहुतेक नुसते उभे होते, आणि असईवर वाद घालायचाच असेल तर तो त्यांच्यावर घालावा.