रसेल दुसऱ्या नंबरवरच : एका प्रतिक्रियेला उत्तर

आजवरच्या दहा थोर बास्केटबॉलपटूंची माझी यादी गेल्या आठवड्यात टाकली. मायकेल जॉर्डनच्या खालोखाल मी बिल रसेलला ठेवलं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो बॉस्टनकडून खेळायचा. त्यावर आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो : "आठ संघांच्या लीगमध्ये अकरा जेतेपदं म्हणजे गल्लीतली स्पर्धा जिंकल्यासारखं. त्याला धड शूटिंगही येत नव्हतं. कोबी यादीबाहेर आणि हा दुसरा? चेंबरलेनच्या शंभर गुणांचं सालही चुकलंय. काका, लातुरात बसून एनबीएवर लिहिण्यापेक्षा सोयाबीनचे भाव लिहा, कुणाच्या तरी कामी येतील."

चूक आधी कबूल करतो. विल्ट चेंबरलेनचे एकाच सामन्यातले ते 100 गुण 2 मार्च 1962 चे, मी 1963 लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभारी आहे.

आता सोयाबीन. आमच्या घरी तीन एकर सोयाबीन आहे, भाव मला रोज कळतो, त्यासाठी आपल्या सल्ल्याची गरज नाही. मतभेदाला माझी कधीच ना नव्हती. या ब्लॉगवर लोकांनी मला जॉर्डनवरूनसुद्धा झोडपलंय आणि मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलंय. पण मुद्दा मांडता मांडता माणसाचं गाव काढायचं, ही कुठली पद्धत? आपणही काही बॉस्टनहून लिहीत नाही.

राहिली ती गल्ली. रसेल आला तेव्हा संघ आठ होते, खरं आहे. तो 1969 ला थांबला तेव्हा चौदा होते, हे आपण सोयीस्कर विसरलात. आणि आठच संघ म्हणजे काय, याचा विचार केलात? अख्ख्या अमेरिकेतून शंभरच्या आतच खेळाडू. दुबळा संघ वाट्याला येण्याची सोयच नाही. फिरून फिरून समोर चेंबरलेन, पेटिट, बेलर, वेस्ट, रॉबर्टसन असे त्या काळचे दिग्गज. अशा गल्लीत तेरा मोसमांत अकरा जेतेपदं! हुकली ती दोन. 1958 ला अंतिम फेरीत त्याचा घोटा दुखावला होता, आणि 1967 ला चेंबरलेनचा फिलाडेल्फिया खरोखरच सरस ठरला.

बॉस्टनचा संघ 1946 पासून खेळत होता, एकही जेतेपद नव्हतं. मेलबर्न ऑलिम्पिकचं सुवर्ण जिंकून रसेल 1956 च्या डिसेंबरात संघात आला आणि 1957 ला पहिलं जेतेपद मिळालं. शेवटचे तीन मोसम तर तो खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही होता, त्यातही दोनदा जिंकला. तो गेल्यावर पुढच्याच मोसमात 34 विजय, 48 पराभव आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, जागा नाही. गल्ली तीच होती की, भाऊ. मग काय झालं?

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. तालुक्याच्या शाळेत मी पाच वर्षं सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी, खेळलो. रसेलचीही जागा तीच. मुरमाचं मैदान, लाकडी बोर्ड, एका बाजूची रिंग डावीकडे कललेली. पडलं की ढोपर सोलून निघायचं आणि खडे रात्री आई काढायची. मी उंच होतो, आलेला शॉट सगळी ताकद लावून बाहेर भिरकावायचो, पोरं शिट्ट्या मारायची. आमचे सर मात्र वैतागायचे. "अरे लेकरा, बाहेर गेला की चेंडू पुन्हा त्यांचाच. कशाला हाणतूस? बोटानं टोलव, आपल्या पोराच्या हातात पडू दे." एक अख्खा उन्हाळा त्यांनी मला तेवढंच करायला लावलं. पुढे कितीतरी वर्षांनी रसेलची काळी-पांढरी चित्रफीत पाहिली. तो हेच करत होता! ब्लॉक केलेला चेंडू मैदानातच ठेवायचा, सहकाऱ्याकडे ढकलायचा, आणि तिथूनच बॉस्टनचा प्रतिहल्ला सुटायचा. मी ती चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहिली आणि सरांची फार आठवण आली.

जिल्हा संघाच्या निवडीत माझं नाव आलं नाही. निवडणाऱ्यांनी स्कोअरशीट पाहिली. त्यात मी अडवलेल्या शॉटचा रकानाच नव्हता. माझ्यासमोरच्या मुलाने त्या दिवशी दोनच बास्केट केले होते, ते का, हे कुणी विचारलं नाही. एनबीएतही ब्लॉक मोजायला लागले ते 1973-74 पासून, म्हणजे रसेल थांबल्यावर चार वर्षांनी. त्याच्या कामाचा मोठा भाग कागदावर नाहीच. जे कागदावर आहे तेवढं वाचून आपण त्याला गल्लीतला ठरवलंत. याचाच मला राग आलाय, सोयाबीनचा नाही.

शूटिंगचं म्हणाल तर फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) त्याचे कच्चेच होते, शंभरात 56. असू द्या. तरी 1962 च्या अंतिम फेरीत लेकर्सविरुद्ध सातव्या सामन्यात, ओव्हरटाइमपर्यंत गेलेल्या, त्याने 30 गुण केले आणि 40 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे चेंडू, घेतले. चाळीस! हा आकडा तरी कागदावर आहे, बघून घ्या.

कोबी ब्रायंटबद्दल इथे वाद घालत नाही. त्याचे एका सामन्यातले 81 गुण मलाही पाठ आहेत, तो माझ्या यादीत अकरावा आहे.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त 1969-70 च्या त्या 48 पराभवांचं काय ते आधी सांगा.