रजेचं कारण

बँकेत मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात रजा मागणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून साबुदाण्याची खिचडी मागणं. तरी मी मागितली. २०२४ ची गोष्ट. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि पुढच्याच आठवड्यात पोलीस पाटलांचा निरोप आला. अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात नेहमीचं 'घरगुती काम' टाकलं.

साहेब मूळचे लातूरचे. बदली होऊन सिंधुदुर्गात आले त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"मार्च एंडला घरगुती काम? काय काम आहे असं?"

"पोलीस ठाण्यात जायचंय."

"का? काही भानगड?"

"नाही नाही. जमा करायचीय."

"काय?"

"बंदूक."

पलीकडे नोटा मोजायचं यंत्र चालू होतं, तेही त्याच क्षणी थांबलं. त्याचं बंडल संपलं होतं म्हणून, पण परिणाम व्हायचा तो झालाच. साहेबांनी चष्मा खाली आणला, अर्जावर सही केली आणि मऊ आवाजात म्हणाले, "एक दिवस पुरेल ना? दोन घ्या हवं तर."

आईने मला नोकरी लागली त्याच दिवशी बजावलं होतं. "बँकेत कोणाक सांगा नको हां. भायरची माणसां ती, भियातली." सहा वर्षं मी हे पाळलं. गावात यात सांगण्यासारखं काही नसतंच. आमच्या वाडीत शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक पाच-सहा घरांत आहे आणि तिची चर्चा पाण्याच्या पंपाइतकीच होते. म्हणजे बिघडला तरच. ती आजोबांनी घेतली, वडिलांकडे आली, मग माझ्याकडे. एकनळी, बारा बोअर. बोअर म्हणजे काय ते मला वडील गेल्यावर परवान्याच्या खटपटीत समजलं: नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचं वजन एक पौंड भरतं. एवढं ऐकल्यावर फार भारी वाटतं. नाव सोनूबाई. प्रत्यक्षात तिची दस्त्याजवळची एक चीर आजोबांनी तांब्याच्या तारेने बांधलेली आहे.

परवाना माझ्या नावावर होताना जे झालं त्यावर वेगळं लिहिता येईल. वडील गेले म्हटल्यावर बंदूक आधी जमा. मग वारसांची संमती. माझ्या आत्यांनी जमिनीच्या कागदावर अंगठ्याला शाई लागेपर्यंत विचारलं नाही की कशाला, बंदुकीच्या ना-हरकतीसाठी मात्र मोठी आत्या म्हणाली, "ती बाबांची आठवण आसा, इचार करून सांगतंय." दोन महिने विचार चालला. मग पोलीस चौकशी, मग हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, ज्यात शरीराबरोबर डोकंही तपासतात. त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर असल्याचा अधिकृत कागद माझ्याकडे आहे. आमच्या शाखेत दुसऱ्या कोणाकडेही तो नाही. मार्चमध्ये तर नाहीच नाही.

पण शाखेने या बाजूने विचार केला नाही. जमा करून मी दुसऱ्या दिवशी आलो तर माझ्या टेबलावर माझा स्टेपलर. फेब्रुवारीत हरवलेला. शेजारी पिना, नवी डबी. कर्ज विभागातल्या मॅडम नागपूरच्या; एरवी माझ्या फायलीतल्या चुका त्या अख्ख्या शाखेला ऐकू जातील अशा आवाजात सांगत. त्या दिवशी जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, हे बेरजेचं जरा पाहून घेता का? घाई नाही. माझंच चुकलं असन." चूक माझी होती. मी तीन वेळा तपासलं.

शिपाई चहा आणायचा तो साहेबांनंतर थेट माझ्याकडे येऊ लागला. कोणाला काही विनोद सांगितला तर लोक हसायचे, पण शेवट व्हायच्या थोडं आधीच. मी खिशात हात घातला की समोरच्याचं बोलणं आवरतं होई. रुमालासाठी घालत होतो, एप्रिल होता, घाम येतो माणसाला. जेवणाच्या सुट्टीत एकदा कोणीतरी अहिंसेवर बोलायला लागलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यावर गांधीजींनीही कडक टीका केली होती. हे खरं आहे, गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरती करत फिरताना त्यांनी केली होती. मला वाटलं यामुळे वातावरण निवळेल. बोलणाऱ्याने डबा बंद केला आणि तो म्हणाला, "तुमचं बरोबर आहे, सर." मी सर कधी झालो?

सगळ्यांत अवघड होता आमचा सुरक्षा रक्षक. निवृत्त फौजी, दाराशी दोननळी घेऊन उभा. इतकी वर्षं तो मला नुसता 'नमस्कार' करायचा. आता सकाळी सलाम, तोही बूट आपटून, आणि जाताना हळूच "तेल कुठलं वापरता?" मी खोबरेल म्हणालो. त्याने डोळे मिटून मान हलवली, जणू काही ती एखादी जुनी पलटणी युक्ती असावी. मला डोक्याचं वाटलं होतं.

एकच माणूस बधला नाही, ग्वाल्हेरहून आलेला तरुण अधिकारी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, एक ही नाल है?" हो म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर दया उमटली. त्यांच्या भागात बंदुकीच्या परवान्याची काय किंमत आहे ते मग त्याने सांगितलं. २००८ साली तिथल्या शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने योजनाच काढली होती, पुरुषांनी नसबंदी करून घ्यावी आणि बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य मिळवावं. कर्ज विभागात दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग शिपायाने मला विचारलं, "तुमका कसो मिळालो?" वारसाने, असं मी जरा जोरातच सांगितलं.

आता एक कबुली. बंदूक आहे हे लपवणं मला सहा वर्षं जमलं. ती असून नसल्यासारखी आहे हे लपवणं मात्र फार जड गेलं. परवाना शेती राखायला, ठीक. शेतात येतात रानडुकरं, माकडं, वानर, क्वचित गवा. यांना मारायचं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा उभा. परवानगी, अर्ज, वनखातं. गव्यावर तर नजरसुद्धा सौम्य ठेवावी लागते. राहता राहिला आवाज. म्हणजे सरकारने तीन पिढ्या, पोलीस चौकशी करून, नूतनीकरणाची फी घेऊन आम्हाला दिलाय तो एका फटाक्याचा परवाना. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि माणशी जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठरली. दुसरी कोणाला हवीय? पहिलीच्या काडतुसांना परवडत नाही.

आणि त्यातून निवडणूक. लोकसभा येते आंबा-काजूच्या दिवसांत, तेव्हा बंदुका ठाण्यात. विधानसभा आली भातकापणीला, तेव्हा बंदुका ठाण्यात. आमच्याकडे ठाम समज आहे की आचारसंहिता रानडुकरांना आधी कळते.

पण हे शाखेत सांगणार कसं? चहा दुसऱ्या नंबरला येत होता.

जुलैमध्ये निकालानंतरची धूळ बसली, बंदुका परत मिळाल्या आणि साहेबांच्या डोक्यात वसुली शिरली. आमच्याच गावाशेजारचं एक खातं थकलं होतं, काजू प्रक्रियेचं कर्ज, तीन नोटिसा खाऊन बसलेलं. साहेब म्हणाले, "तुम्ही फक्त सोबत चला. बोलू नका काही. नुसतं उभं राहायचं." मी म्हटलं, साहेब, तसलं काही करता येत नाही, नियम आहेत, आणि बंदूक तर घरीच असणार. "असू द्या की घरी," साहेब म्हणाले. "त्याला माहिती आहे ना तुमच्याकडे आहे? झालं."

त्याला माहिती होतीच. माझ्या वडिलांबरोबर शाळेत होता तो.

आम्ही पावसात भिजत पोचलो. काका पडवीत सुपारी कातरत बसलेले. साहेबांनी नमस्कार-चमत्कार केले, थकबाकीचा आकडा सांगितला आणि मग माझ्याकडे एक नजर टाकून अर्थपूर्ण आवाजात म्हणाले, "आमचे हे साहेब ओळखता ना? यांच्याकडे बंदूक आहे."

काकांनी अडकित्ता थांबवला. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ह्येची बंदूक? ती माका म्हायत आसा. ह्येच्या आज्यान एकदा बार काढलेलो. माकडा थयच बसान रवली नि शेजारचो रेडो दावा तोडून गेलो. तीन दिवस गावलो नाय."

मग ते आत गेले. साहेब माझ्या मागे सरकले, हे मला अजूनही त्यांच्या तोंडावर बोलता आलेलं नाही. काका बाहेर आले ते दोननळी घेऊन. स्वच्छ, तेल पाजलेली, दस्ता चकाकणारा. ती भिंतीला टेकवून त्यांनी फार प्रेमाने विचारलं, "काडतुसां आसत काय रे झिला? माझी संपली. ह्या पावसात शिरा पडो त्या डुकरांर, सगळा उकरून टाकल्यानी."

काडतुसं अशी उसनी देता येत नाहीत, साखर नव्हे ती, असं मी समजावून सांगितलं. साहेबांनी चहा घेतला. वसुलीचा विषय पुन्हा निघाला नाही. येताना गाडीत बराच वेळ वायपरचाच आवाज होता, मग साहेब म्हणाले, "त्यांची बरी आहे की."

दुसऱ्या दिवशी चहा साहेबांनंतर मॅडमकडे, मग ग्वाल्हेरकराकडे, मग कॅशियरकडे गेला. रेड्याची गोष्ट माझ्या आधी शाखेत पोचली होती. मॅडमनी फाइल आपटली. "भाऊ, तिसऱ्यांदा तीच चूक? काऊन असं करता?" स्टेपलर आठवड्याभरात गेला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. पण पिनांची डबी तरी ठेवायची होती.

दसरा १२ ऑक्टोबरला होता, दुसरा शनिवार, सुट्टी. "आता बघूया तरी कशी आहे" म्हणून अर्धी शाखा घरी आली. आईने सकाळीच कोयता, नांगराचा फाळ, दुधाचा हिशेब ठेवायची वही आणि बंदूक अशी मांडामांड करून पूजा केली होती. नळीला झेंडूची माळ, तारेवर हळदकुंकू. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अशीच छत्री आहे आमच्या काकांची." फोटोचा आग्रह झाला, मी म्हटलं, माणसांचा काढा, हिचा फोटो फिरायला लागला की मला पुन्हा रजा टाकावी लागेल. सुरक्षा रक्षक मात्र पुढे झाला, वाकून त्याने नाक लावलं आणि समाधानाने म्हणाला, "खोबरेल."

तेवढ्यात माकडं आली. मागच्या माडांवर, दहा-बारा. आता शाखा बघतेय म्हटल्यावर मला चेव आला. माळ काढली, काडतूस घातलं, सगळ्यांना पडवीत मागे उभं केलं, नळी आभाळाकडे केली आणि चाप ओढला. खट्. बस, खट्. काडतूस पावसात सादळलेलं. ती तशीच वर धरून मी मनात तीस अंक मोजले, मग खाली घेऊन उघडली. एका माकडाने शहाळं खाली टाकलं, तेही आमच्याकडे न बघता. तोवर आई तेलाचा रिकामा डबा आणि पळी घेऊन मागीलदारी पोचली होती. चार वेळा बडवला, एक मालवणी शिवी दिली. माडांवर काही उरलं नाही. ग्वाल्हेरकर तिच्या पाया पडला.

तीन दिवसांनी, १५ तारखेला, विधानसभेची आचारसंहिता लागली. मी अर्ज लिहिला. या वेळी कारणाच्या रकान्यात सरळ लिहिलं: बंदूक जमा करणे.

साहेबांनी वाचून अर्ज परत सरकवला. "त्यासाठी अख्खा दिवस कशाला? अर्धा घ्या. आणि येताना तिथे ते काजूवाले काका भेटतील, त्यांना हप्त्याचं विचारा."

भेटलेच. रांग ठाण्याच्या फाटकापर्यंत आली होती. माणसं खांद्यावर बंदुका घेऊन भाताच्या भावाबद्दल बोलत होती, काका माझ्या मागे दुसरे. हप्त्याचं आता विचारू का? पुढे दहा बंदुका, मागे पंधरा. म्हटलं, होऊ दे जमा.

हवालदारांनी माझी घेतली, तार बघितली, नोंद केली आणि पावती फाडली. मग काकांची. आम्ही दोघं पावत्या घडी करत बाहेर आलो. समोरच्या टपरीवर त्यांनीच मला हाताने थांबवलं, बाकावर बसले आणि दोन कटिंग सांगितले.

"हां, आता बोल. आता तुझ्याकडेय नाय, माझ्याकडेय नाय."

मी थकबाकीचा आकडा सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, चहा संपवला, पावती नीट खिशात ठेवली आणि म्हणाले, "आचारसंहिता जाऊ दे, मगे बघूया."

चहाचे वीस रुपये मी दिले.