'बट'-'पुट'चं रडगाणं आणि काही उत्तरं

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतोय: बी-यू-टी 'बट', मग पी-यू-टी 'पुट' का? जी-एच-ओ-टी-आयचा उच्चार 'फिश'सुद्धा होऊ शकतो. थोडक्यात, इंग्रजी उच्चारांना नियमच नाहीत. मराठी मात्र लिहिली तशीच बोलली जाते, आणि आपले ख-ठ इंग्रजांच्या जिभेला जमतच नाहीत.

आधी 'बट'-'पुट'. या दोन्ही शब्दांत एके काळी ऱ्हस्व 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये तो बहुतेक शब्दांत 'अ'कडे सरकला. प, ब, फ यांसारख्या ओठांच्या वर्णांनंतर मात्र तो बऱ्याचदा टिकला: पुट, पुश, बुल, फुल. खुद्द 'बट' निसटलाच, त्यामुळे हा नियम पक्का म्हणता येत नाही. पण उत्तर इंग्लंडमध्ये, लीड्स-मँचेस्टरकडे हा बदल पोचलाच नाही, तिथे जुन्या वळणाचे लोक आजही दोन्हींत 'उ'च म्हणतात. स्पेलिंग जुनं राहिलं आणि उच्चार पुढे गेला, एवढंच.

'फिश'चा विनोद तर नियमांवरच उभा आहे. जी-एचचा 'फ' होतो तो 'लाफ', 'इनफ'सारख्या शब्दांच्या शेवटी, सुरुवातीला कधीच नाही. टी-आयचा 'श' पुढे स्वर असेल तरच, जसा 'नेशन'मध्ये. म्हणून तर तो 'फिश' कुणी इंग्रज आपण होऊन वाचत नाही. (हा विनोद बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात. तो 1855 च्या एका पत्रात आहे, शॉ जन्मले 1856 मध्ये.)

नियम नाहीत म्हणणाऱ्यांनी मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक जीन बर्को यांचा 1958 चा प्रयोग पाहावा. पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं, हा 'वग'. आता दोन आहेत, दोन काय? दहातल्या नऊ मुलांनी 'वग्झ' म्हटलं. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नाही. 'कॅट्स'मध्ये स, 'डॉग्झ'मध्ये झ, 'बसेस'मध्ये मधे एक स्वर: लिहिताना तिन्हीकडे एस, पण ऐन वेळी कोणता उच्चार करायचा हे आधीच्या वर्णावरून ठरतं. बनावट 'टॅस'चं अनेकवचन करताना मात्र बहुतेक मुलं अडली, 'ग्लासेस' बिनचूक म्हणणारीसुद्धा. तो तिसरा नियम त्या वयात अजून मुरलेला नसतो.

मराठीबद्दल फार लांबण लावत नाही. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च मोठ्याने म्हणून बघा. मग 'करतो' म्हणा, आणि त्यातल्या र चा अ कुठे गेला ते शोधा.

राहिले ख-ठ. ओठांसमोर पातळ कागद धरून 'पिन' म्हटलं की इंग्रजाचा कागद हलतो, 'स्पिन'ला जवळजवळ नाही. लिस्कर आणि एब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये अकरा भाषांत हे मोजलं, त्यांत मराठीही होती. तोंडातली अडवणूक सुटल्यापासून स्वरतंतू थरथरू लागेपर्यंतचा वेळ इंग्रजी शब्दारंभीच्या प ला सरासरी 58 मिलिसेकंद भरला, क ला 80. हा वेळ इतका लांबला की आवाज ख कडे झुकतो, म्हणजे 'की' (किल्ली) म्हणताना इंग्रज आपल्या 'खी'च्याच बाजूला असतो. आवाज त्याच्याकडे आहे, पण क आणि ख बदलल्याने त्याच्या भाषेत शब्द बदलत नाही, म्हणून त्याला तो वेगळा जाणवत नाही. आपला साधा क त्याला कधी ग वाटतो, तोही याच हिशोबाने.

त्याच मोजणीत आपले भ, ध, घ मात्र ब, द, ग पासून नीट वेगळे निघाले नाहीत. तिथे तो वेळ पुरतच नाही, आणि इंग्रजीत हे आवाज खरोखरच नाहीत. फॉरवर्डवाल्याने ख ऐवजी भ घेतला असता, तर निदान या मुद्द्यावर मी गप्प बसलो असतो.